श्रिंप कमी होतायत? झाडांच्या देठांकडे बघा

माझ्या पाणवनस्पतींच्या टँकमध्ये 40च्या आसपास चेरी श्रिंप, म्हणजे पाळायच्या छोट्या कोळंब्या, होत्या. पाणी व्यवस्थित, तापमान व्यवस्थित, अमोनिया शून्य. तरी दर आठवड्याला चार-पाच कमी व्हायच्या आणि मेलेली एकही हाती लागायची नाही. मेलेली सापडली असती तर पाण्यावर संशय घेता आला असता. या नुसत्याच नाहीशा होत होत्या. शेवटी एका रात्री, टँकचा दिवा बंद करून दोन तास झाल्यावर, टॉर्च घेऊन काचेसमोर बसले. जावा मॉस या पाण्यातल्या शेवाळासारख्या झाडातून वर आलेल्या एका देठावर एक काडी चिकटलेली दिसली. काडीला डोळे होते.

दोनेक सेंटिमीटर लांब, मळकट हिरवी, सहा पायांनी देठ घट्ट धरलेला, शेपटीला तीन चपटी पानं. दहा मिनिटं बघत होते, ती हलली नाही. मग एक लहानशी श्रिंप मॉस चाचपत तिच्या समोरून जायला लागली. काडीने मान जराशी वळवली. पुढचं नीट दिसलंच नाही. तोंडाखालून काहीतरी सुटलं, परत आलं, आणि श्रिंप तिच्या जबड्यात होती.

ती टाचणीची निम्फ होती, म्हणजे टाचणीचं पाण्यात वाढणारं पिल्लू. पाणवनस्पतींचा टँक ठेवणाऱ्याला, त्यातही श्रिंप पाळणाऱ्याला, कधी ना कधी असा एखादा किडा भेटतोच. भेटला की पहिला विचार येतो तो औषधाचा. मलाही आला होता. तो विचार का सोडावा आणि त्याऐवजी काय करावं, हे इथे सविस्तर सांगते.

देठाच्या आतलं अंडं

चतुर आणि टाचणी आपण बघतो ते उडताना. जाडसर अंगाचा, बसल्यावरही पंख पसरून ठेवणारा तो चतुर. सुईसारखी बारीक, बसल्यावर बहुधा पंख पाठीवर मिटून घेणारी ती टाचणी. पण हे उडणं त्यांच्या आयुष्यातलं शेवटचं, छोटंसं पर्व असतं. त्याआधीचं सगळं बालपण पाण्याखाली जातं. कोमट पाण्यात काही जातींचं ते दीड-दोन महिन्यांत आटोपतं, तर थंड प्रदेशातल्या काही जातींचं दोन-तीन वर्षंसुद्धा चालतं. तेवढ्यात पिल्लू साधारण दहा-बारा वेळा कात टाकतं आणि दर वेळी आणखी मोठी शिकार करण्याजोगं होतं.

शिकारीचं हत्यार म्हणजे त्याचा खालचा ओठ. आपला हात कोपरात दुमडून छातीशी घ्यावा, तसा हा ओठ घडी घालून हनुवटीखाली ठेवलेला असतो. टोकाला आकडे. भक्ष्य टप्प्यात आलं की पापणी लवायच्या आत घडी उलगडते आणि आकडे रुततात. हे पिल्लू शिकारीमागे फारसं पळत नाही. दबा धरून बसतं आणि समोर हालचाल होण्याची वाट बघतं. म्हणूनच मासळीचा तुकडा लावून ठेवलेल्या बाटलीच्या सापळ्यात ते सहसा अडकत नाही. मेलेल्या तुकड्याची त्याला ओढ नसते.

आता ते टँकमध्ये येतं कुठून? टाचणीच्या मादीच्या पोटाच्या टोकाला धारदार अवयव असतो. त्याने ती पाणवनस्पतीच्या देठाला किंवा पानाला बारीक चीर देते आणि अंडं आत ठेवते. बऱ्याच चतुरांच्या माद्याही असंच करतात. बाकीचे चतुर उडता उडता पोटाचं टोक पाण्याला टेकवून अंडी सोडतात. विक्रीसाठीच्या पाणवनस्पती पुष्कळदा उघड्या हौदांत किंवा तळ्यांत वाढवतात, आणि अशी जागा टाचणीला आयतीच मिळते. आपण तो देठ घरी आणतो, नळाखाली धुतो, हाताने चोळतो. अंडं झाडाच्या पेशींच्या आत शाबूत असतं. वर-वर धुऊन उपयोग होत नाही तो याचमुळे.

उबदार पाण्यात हे अंडं साधारण एक ते तीन आठवड्यांत फुटतं. बाहेर येणारं पिल्लू एक-दोन मिलिमीटरचं आणि जवळजवळ पारदर्शक असतं. ते मॉसमध्ये शिरतं, पाण्यातले सूक्ष्म जीव खातं आणि वाढतं. श्रिंप कमी झाल्याचं आपल्या लक्षात येईपर्यंत झाडं आणून दोन महिने उलटलेले असतात, म्हणून झाडांवर संशयही जात नाही.

शेपटी नीट बघा

टँकमध्ये दिसणारा प्रत्येक किडा शत्रू नसतो. मला वाटतं सर्वात जास्त अन्याय मेफ्लाय या दुसऱ्या एका उडत्या किड्याच्या निम्फवर होतो. तिलाही तीन शेपट्या असतात, त्यामुळे टाचणीची समजून तिला चिरडलं जातं. मेफ्लायच्या शेपट्या केसासारख्या बारीक आणि लांब असतात, क्वचित दोनच असतात, आणि तिचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना ओळीने लावलेले असतात. जवळून पाहिलं तर ते कल्ले सारखे फडफडताना दिसतात. ती काचेवरचं शेवाळ खरवडून खाते, श्रिंपच्या वाटेला जात नाही. टाचणीच्या शेपटीची तीन पानं म्हणजेच तिचे कल्ले, आणि ती पानांसारखीच चपटी, मध्ये शीर असलेली असतात. एक खुबी लक्षात ठेवा: ही पानं तुटतात आणि पुढच्या कातींबरोबर पुन्हा उगवतात. त्यामुळे एकच पान असलेली किंवा मुळीच पान नसलेली टाचणीची निम्फही आढळते. अशा वेळी शेपटी सोडून डोकं बघा. डोळे दोन्ही बाजूंना फुगलेले, आणि हनुवटीखाली तो दुमडलेला ओठ.

चतुराच्या निम्फला अशी पानं नसतातच. ती बुटकी, रुंद पोटाची, पुष्कळदा चिखलाच्या रंगाची असते आणि मातीत किंवा रेतीत अर्धी पुरून बसते. तिचे कल्ले पोटाच्या आत, गुदाशयात असतात. ती मागच्या बाजूने पाणी आत घेते आणि घाबरली की तेच पाणी जोरात बाहेर फेकून पुढे झेपावते. टँकच्या तळाशी काहीतरी झटक्याने पुढे सरकलं आणि पुन्हा निपचित पडलं, तर ती बहुधा हीच. टाचणीपेक्षा ही जास्त धोक्याची. चांगली वाढलेली निम्फ गप्पीएवढा मासा सहज धरते.

याहून भयंकर म्हणजे पाण्यातल्या शिकारी भुंगेऱ्याची अळी. लांबट अंग, मोठं डोकं आणि विळ्यासारखे वाकलेले दोन जबडे. ते जबडे आतून पोकळ असतात. त्यांतून ती भक्ष्याच्या शरीरात पाचक रस सोडते आणि आतला विरघळलेला भाग शोषून घेते. बंद खोलीतल्या टँकमध्ये ती क्वचितच आढळते, पण उघड्या हौदातून आणलेल्या झाडांबरोबर येऊ शकते. दिसली की तत्काळ काढा, आणि उघड्या बोटांनी धरू नका, ती चावते. पाठीवर उलटं पोहणारा वल्ह्यांसारख्या लांब पायांचा किडा दिसला, तर त्यालाही हात लावू नका. त्याचा दंश गांधीलमाशीसारखा झोंबतो.

बाकीची मंडळी बिनधोक म्हणायला हरकत नाही. मातीच्या बारीक नळीतून डोकावणारी लाल अळी म्हणजे ब्लडवर्म. आपल्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन तिच्या अंगात असतं, म्हणून ती लाल आणि म्हणूनच ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही जगते. माशांसाठी ती मेजवानी. पाण्याच्या पृष्ठभागावर टणाटणा उड्या मारणारे पांढरे ठिपके म्हणजे स्प्रिंगटेल. ते कुजकं खातात. तरंगत्या झाडांच्या पानांवर बारीक काळपट किडे गर्दी करून बसले असतील तर तो मावा, कुंडीतल्या झाडांवर येतो त्याच जातकुळीतला. तो झाडाचा रस शोषतो. झाडं दिवसभर पाण्याखाली बुडवून ठेवली की मावा सुटतो आणि मासे तो टिपतात. कॅडिसफ्लायची अळी पानांचे तुकडे, काटक्या किंवा रेतीचे कण जोडून अंगाभोवती घर बांधते आणि ते ओढत फिरते. काही पाणपतंगांच्या अळ्याही पानं कापून असंच करतात. यांच्यामुळे पानांना भोकं पडतात, प्राण्यांवर मात्र संकट येत नाही. हाताने वेचल्या की झालं.

औषध का नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात मोठं नुकसान याच टप्प्यावर होतं.

कीटक आणि कोळंबी आपल्याला दोन वेगळे प्राणी वाटतात. एक हवेत उडतो, दुसरी पाण्यात राहते. पण गेल्या काही दशकांत जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलेलं चित्र असं, की कीटक हे कोळंबी-खेकड्यांसारख्या कवचधारी प्राण्यांच्याच वंशवृक्षाची एक फांदी आहेत. श्रिंप आणि टाचणी ही लांबची का होईना, भावंडं आहेत. दोघींचं कवच कायटिनचं. दोघींना वाढायला कात टाकावी लागते, आणि ती टाकायचा हुकूम देणारं संप्रेरकही एकाच जातीचं. दोघींच्या मज्जातंतूंचं कामही जवळजवळ सारखंच चालतं.

आता कीटकनाशकं काय करतात ते बघा. पायरेथ्रॉइड गटातली औषधं मज्जातंतूंमधली सोडियमची दारं बंद होऊ देत नाहीत. प्राणी झटके येऊन मरतो. काही औषधं कायटिन तयार होऊ देत नाहीत, त्यामुळे पुढची कात टाकताना किडा मरतो. निम्फला मारणारी यांतली प्रत्येक गोष्ट श्रिंपलाही मारते, आणि श्रिंप आकाराने लहान व नाजूक असल्यामुळे पुष्कळदा आधी तीच जाते. पायरेथ्रॉइड तर माशांनाही अत्यंत घातक. निम्फ मरेल आणि श्रिंप जगेल असं कीटकनाशक शोधणं म्हणजे एकाच किल्लीने दोन सारखी कुलपं असताना एकच उघडेल अशी आशा धरणं.

तांब्याच्या औषधांचीही हीच गत. तांबं श्रिंपला फार थोड्या प्रमाणातही बाधतं. फेनबेंडाझोल हे जंतांचं औषध टँकमध्ये होणाऱ्या हायड्रा आणि प्लॅनेरिया या बारीक जीवांवर चांगलं चालतं आणि योग्य मात्रेत श्रिंपही ते सोसतात. म्हणून कुणी तेच निम्फवर वापरून बघतं. निम्फला त्याने काही होत नाही. मरतात त्या टँकमधल्या काही जातींच्या गोगलगाई.

एक अपवाद खरोखर कामाचा आहे, पण तो फक्त डासांसाठी. 1976 साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला एक जीवाणू, ज्याला थोडक्यात बीटीआय म्हणतात, तो प्रथिनांचे स्फटिक तयार करतो. डासाच्या अळीने ते गिळले की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळतात आणि आतडं फाडतात. मासे आणि श्रिंप यांना त्याचा त्रास होत नाही. चतुर-टाचणीच्या निम्फनाही होत नाही, म्हणून त्यांच्यासाठी त्याचा उपयोग शून्य.

जाता जाता आणखी एक, कारण हे फार जणांना ठाऊक नसतं. खोलीत लावायच्या डास पळवण्याच्या लिक्विड मशीनमध्ये बहुधा पायरेथ्रॉइडच असतं. टँकचा एअर पंप त्याच खोलीतली हवा ओढतो आणि पाण्यात सोडतो. श्रिंपचा टँक असलेल्या खोलीत ते मशीन किंवा फवारा वापरू नका.

मग पकडायचं कसं

हाताने. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण टँक भरलेला असताना खात्रीचा उपाय हाच, आणि दोन-तीन आठवडे चिकाटी धरली तर तो पुरतो. निम्फ तुमच्या टँकमध्ये पिल्लं घालू शकत नाही. ती स्वतःच पिल्लू आहे. पंख फुटल्याशिवाय आणि जोडीदार भेटल्याशिवाय पुढची पिढी नाही. म्हणजे झाडांबरोबर जेवढी अंडी आली, तेवढेच किडे. संख्या मोजकी आहे आणि ती फक्त कमीच होऊ शकते. हे समजलं तेव्हा माझा निम्मा घोर मिटला.

दिवे बंद झाल्यावर तास-दोन तासांनी टॉर्च घेऊन बसा. उजेड तिरका मारा. समोरून मारला तर काच चमकते. देठांच्या कडा, मॉसची टोकं, स्पंज फिल्टरचा वरचा भाग आणि काचेचे कोपरे बघा. काडीला पाय आहेत का, देठाला समांतर चिकटलेली एखादी जास्तीची रेघ आहे का, ते शोधा. दिसली की लांब चिमट्याने धरा. चिमटा वरून आणू नका. वरून सावली पडली की ती देठाच्या मागे सरकते. बाजूने, हळू आणा. जवळ जाळी धरून ठेवली तर सुटलेली जाळीत येते. चतुराची निम्फ मातीत असेल तर पाणी बदलताना सायफनची नळी तिच्यावर धरा.

मॉसचा गुंता असेल तर टॉर्च पुरत नाही. मला उपयोगी पडला तो पांढरा ट्रे. मॉसचा पुंजका टँकमधून उचलून टँकच्याच पाण्याने भरलेल्या उथळ पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवला आणि बोटांनी हळूहळू झटकला. आधी श्रिंपची पिल्लं निघाली, मग बारीक गोगलगाई. पाणी निवळल्यावर एका कोपऱ्यात, नखाच्या पांढऱ्या कडेएवढं काहीतरी, कंबर डावी-उजवीकडे वळवत माशासारखं पोहत गेलं. टाचणीची पिल्लं अशीच पोहतात. त्या एका पुंजक्यातून सात निघाली. टँकमध्ये मला एकच दिसली होती. श्रिंप चमच्याने परत सोडल्या, मॉस पुन्हा झटकला, आणि दर चार दिवसांनी हेच केलं. तिसऱ्या आठवड्यानंतर ट्रेमध्ये काही आलं नाही.

पाण्यावर तरंगणाऱ्या काती बघत राहा. रिकामं, पारदर्शक, पाठीवर फाटलेलं टरफल दिसलं तर आणखी कुणीतरी आत आहे आणि वाढतंय. फिल्टरचा स्पंजही टँकच्या पाण्यात पिळून तपासा.

मासे मदत करतात का? करतात, पण इथे सगळा हिशोब आकाराचा आहे. बेटा, गुरामी यांसारखे किडे टिपणारे मासे अंड्यातून नुकतीच निघालेली निम्फ चट्टामट्टा करतात. तीच दोन सेंटिमीटरची झाली की लहान मासा तिचं भक्ष्य होतो. शिवाय निम्फ खाणारा मासा श्रिंपची पिल्लंही खातो. फक्त माशांचा टँक असेल तर मासे पुरेत. श्रिंपचा असेल तर चिमटाच बरा.

टँक पूर्ण रिकामा करून वाळवणं हा पर्याय मी शेवटचा मानते. त्यात फिल्टरमधले उपयोगी जीवाणू जातात आणि महिनाभर पाणी स्थिरावण्याची वाट बघावी लागते. सात निम्फसाठी एवढं करायची गरज नसते.

नवं झाड आलं की

झाडं बुडवून काढायचे उपाय बरेच आहेत. घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे 19 भाग, त्यात दणकट झाडं दोन मिनिटं; नंतर क्लोरीन काढणाऱ्या द्रावणात बुडवून भरपूर धुवायची. मॉस आणि व्हॅलिसनेरियासारखी नाजूक झाडं यात जळतात, त्यांना देऊ नका. मीठ नसलेल्या साध्या सोडा वॉटरमध्ये झाडं अंधारात रात्रभर ठेवायची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडने किडे गुदमरतात, हाही प्रकार चांगला. तुरटीचं पाणी गोगलगाईंवर जास्त चालतं. हे सगळं जरूर करा, पण हे उपाय पानांवर फिरणाऱ्या किड्यांसाठी आहेत. देठाच्या आतल्या अंड्यापर्यंत ते पोहोचतील याचा भरवसा धरता येत नाही.

अंड्याला उपाय वेळेचा. नवी झाडं वेगळ्या बादलीत किंवा काचेच्या भांड्यात, दिव्याखाली, तीन ते चार आठवडे ठेवा. पाणी 25-26 अंश असेल तर उत्तम, कारण गार पाण्यात अंडी लांबतात. अंडी तिथेच फुटतील आणि दर आठवड्याला पांढऱ्या ट्रेमध्ये झाडं झटकली की पिल्लं लहान असतानाच सापडतील. याच काळात दोन-तीन वेळा सगळं पाणी बदला. झाडांवर वाढवणाऱ्याने फवारलेलं कीटकनाशक असेल तर तेही धुऊन जातं, आणि श्रिंप पाळणाऱ्याला ते निम्फइतकंच महत्त्वाचं.

बादली उघडी ठेवू नका. मासे नसलेलं, न हलणारं, स्वच्छ पाणी डासांना हवंच असतं, आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बारीक जाळीचं कापड ताणून बांधा. नाहीतर किडे काढायला ठेवलेल्या बादलीतून डेंग्यू पसरवणारे डास घरात यायचे.

एवढा वेळ नसेल तर टिश्यू कल्चरची झाडं घ्या. ती प्रयोगशाळेत, बंद डब्यात, जेलवर वाढवलेली असतात. त्यांच्यात अंडं असण्याचा प्रश्नच येत नाही. लावल्यावर सुरुवातीला त्यांची काही पानं वितळतात, तेवढं सोसायचं.

पकडलेल्या निम्फचं काय करायचं, हे मला नेहमी विचारतात. चतुर-टाचण्या डास खातात, त्यांना मारणं माझ्याही जिवावर येतं. एक मी वेगळ्या बरणीत ठेवली होती, डासांच्या अळ्या घालून आणि पाण्याबाहेर येणारी एक काडी टेकवून, कारण शेवटची कात टाकायला तिला पाण्याबाहेर चढावं लागतं. पण झाड कुठल्या प्रदेशातून आलं हे माहीत नसेल, तर त्यातून निघालेला किडा जवळच्या तळ्यात सोडू नये आणि उडूही देऊ नये. तिथल्या जातींमध्ये परका जीव मिसळतो. अशी निम्फ मोठ्या माशांच्या टँकमध्ये द्यावी. बादलीचं पाणीही नाल्यात ओतू नका, कुंड्यांना घाला. छाटलेल्या फांद्या उन्हात कडकडीत वाळवा आणि मगच कचऱ्यात टाका.